तयार ‘कस्टम’ गेमिंग पीसी घ्यावा का? (कोटेशन आलंय, मत हवंय)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

लेक अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला, म्हणजे सीनचं अंतिम चित्र बनवायला दिलं, की तिचा लॅपटॉप मिक्सरसारखा ओरडतो आणि मग बंदच पडतो. त्यावर व्हॅलोरंट हा गेमही नीट चालत नाही, हे दुसरं कारण तिने जरा हळू आवाजात सांगितलं. आम्ही नाशिकला असतो. घरात पीसी जोडता येणारं कोणी नाही. म्हणून एका ऑनलाइन दुकानाकडून ‘कस्टम’ म्हणजे आपण पार्ट निवडायचे, ते जोडून, तपासून घरी पाठवणार, असं कोटेशन मागवलं. मॉनिटर भावाकडून मिळणार आहे, तो धरलेला नाही.

प्रोसेसर: रायझन ५ ७६००
मदरबोर्ड: ए६२०
रॅम: १६ जीबी डीडीआर५
एसएसडी: १ टीबी एनव्हीएमई
ग्राफिक्स: आरटीएक्स ५०६०, ८ जीबी
एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी): ६५० वॅट गेमिंग
कॅबिनेट: आरजीबी, पुढे काच, ४ फॅन
विंडोज ११ इन्स्टॉल करून
एकूण: ९४,५०० रुपये, जीएसटी आणि कुरिअर धरून

बजेट फार ताणून लाखापर्यंत. हे घ्यावं, की पार्ट वेगवेगळे घेऊन कोणाकडून तरी जोडून घ्यावेत? लेकीला विचारलं तर ती म्हणते “आई, तू फक्त हो म्हण.” म्हणून तुम्हाला विचारतेय.

नुसताच_वाचक

रुमाल टाकून ठेवतोय. भाच्याचा हाच हट्ट चालू आहे.

ग्रँटरोडकर

ताई, अजिबात घेऊ नका. जोडून द्यायचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दिसत नाहीत, पण असतात. प्रत्येक पार्टमध्ये थोडे थोडे मुरवलेले. सकाळच्या पंचवटीने निघा, दादरला उतरा, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव विचारा, पाचव्यात घ्या. जोडायला व्हिडिओ आहेत. सगळ्या वायरी एकाच बाजूने बसतात, चुकीच्या लावायच्या म्हटल्या तरी सहसा लागत नाहीत.

गोदाकाठ

दादा, आणि परतीच्या पंचवटीत कॅबिनेटचा खोका घेऊन चढायचं? पासवाले मला खोक्यासकट उतरवतील.

पेचकस

“सहसा लागत नाहीत” यातला ‘सहसा’ महत्त्वाचा आहे. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीच्या पेटीत छान बसतात, आणि पिनांचा क्रम वेगळा असल्याने एसएसडी किंवा हार्डडिस्क जाळतात. असो.

गोदाकाठ ताई, तुम्ही विचारलंय तयार घ्यावा का. माझ्या मते जोडतंय कोण हा मुद्दा दुय्यम. कोटेशनच्या कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते आधी बघू. तुमच्या कागदावर पूर्ण नाव एकाच वस्तूचं आहे, प्रोसेसरचं. बाकी सगळी आडनावं आहेत.

‘१६ जीबी डीडीआर५’: कंपनी कोणती, वेग किती, एक पट्टी की दोन? एकच पट्टी असेल तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता निम्माच वापरला जातो. गेममध्ये ते जाणवतं, विशेषतः व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये.

‘१ टीबी एनव्हीएमई’: यात नामांकित कंपनीची पाच वर्षं वॉरंटीची एसएसडीही येते आणि नाव न ऐकलेलीही.

‘आरटीएक्स ५०६०’: चिप एनव्हिडियाची, पण कार्ड बनवणारी आणि वॉरंटी देणारी कंपनी वेगळी. तिचं सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे, मुंबईत आहे की कुठेच नाही, हे नाव कळल्याशिवाय कसं बघणार?

आणि ‘६५० वॅट गेमिंग’. गेमिंग हा एसएमपीएसचा गुण नाही. हे कार्ड जास्तीत जास्त १४५ वॅट खातं, प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणवतो आणि प्रत्यक्षात ८८ पर्यंत जातो. चांगली ५५० वॅटची पेटीही पुरते. वाईट ६५० वॅटची पेटी मात्र एक दिवस स्वतः जाते आणि जाताना सोबत कार्ड नेते. नफा काढायची पहिली जागा हीच, कारण ती कॅबिनेटच्या तळाला पत्र्याखाली असते, काचेतून दिसत नाही.

दुकानदाराला एवढंच लिहा: प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव कोटेशनवर द्या आणि तेच बिलावर सीरियल नंबरसह येईल असं कळवा. उत्तर काय येतं त्यावर निम्मा निर्णय होईल.

कंडेन्सर

पेचकसशी सहमत. एसएमपीएसबद्दल एक भर. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलं म्हणजे दर्जाची हमी नव्हे. त्याचा अर्थ निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता, बस. आतले कपॅसिटर किती टिकतील, शॉर्ट झालं तर पेटी वेळेत बंद होईल का, हे त्यात येत नाही. सोपी खूण हवी असेल तर वॉरंटी बघा. जी कंपनी पाच-सात वर्षं देते तिला स्वतःच्या मालावर थोडा तरी भरवसा असतो.

तापलेला_अकोलेकर

कॅबिनेटला पुढे काच नको!! जाळी हवी. पुढच्या काचेआड तीन फॅन लावतात, ते रंगीत दिवे दाखवतात आणि कडेच्या दोन बोटांच्या फटीतून जमेल तेवढी हवा ओढतात. नाशिकला तुमचं निभेल कदाचित. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० असतं, पीसी त्याच्या वरूनच सुरुवात करतो. भावाच्या पीसीची पुढची काच काढून ठेवली तर कार्डाचं तापमान दिसण्याएवढं उतरलं. आता ती काच देवघराच्या फोटोखाली आहे.

७६०० सोबत जो डब्यातला कूलर येतो तो चालतो, पण रेंडर लागला की आवाज करतो. दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर टाका.

ग्रँटरोडकर

म्हणजे सगळेच पार्ट बदलायला सांगताय. मग तयार पीसी राहिला कुठे?

पेचकस

तोच तर ‘कस्टम’चा अर्थ ना राव. बदलून देत नसतील तर तो कस्टम नाही, गोडाऊनमधला माल आहे.

नुसताच_वाचक

एक बाळबोध प्रश्न. मोठ्या कंपनीचा सीलबंद गेमिंग टॉवर का नको? घरी येऊन दुरुस्त करतात म्हणे.

कंडेन्सर

ज्याला पीसी उघडायचाच नाही त्याच्यासाठी तो वाईट नाही. घरी येणारी सर्व्हिस ही खरी सोय आहे. पण अशा अनेक टॉवरमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचे असतात. चार वर्षांनी मोठं कार्ड घालायचं म्हटलं तर पेटी बदलावी लागते, पेटीचं माप बाजारात मिळत नाही, मदरबोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. एक बदलायला गेलं की सगळंच बदलावं लागतं. दुकानात जोडलेल्या पीसीत सगळं बाजारच्या मापाचं असतं. गोदाकाठ यांच्या कोटेशनमधल्या बोर्डाचा एएम५ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तर एएमडी २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार म्हणतेय, म्हणजे नंतर नुसता प्रोसेसर बदलला तरी भागेल.

जर्सीवाला

आमच्याकडे न्यू जर्सीत पॅटर्सनला मायक्रो सेंटर आहे. तिथे प्रोसेसर, बोर्ड, रॅम असं बंडल घ्या आणि घरी जोडा, नाहीतर त्यांच्याच पॉवरस्पेक ब्रँडचा तयार पीसी घ्या. कॉस्टकोत घेतला तर ९० दिवसांत परत करता येतो. भारतात असं का नाही?

ग्रँटरोडकर

जर्सीवाले, ९० दिवसांत परत? आमच्याकडे दुकानाची पायरी उतरलात की “पाकीट फुटलंय साहेब, कंपनीला विचारा.”

जर्सीवाला

बरं, मग मी एक कार्ड पाठवू का कोणाबरोबर?

कंडेन्सर

नको. अनेक कंपन्यांची कार्डाची वॉरंटी देशापुरती असते. बिघडलं तर परत अमेरिकेला जाणारा माणूस शोधायचा. एसएमपीएसही तिथून नको, वजन उगाच.

मिनी_मावशी

धाग्याचा फायदा घेते, रागावू नका. मला एका साइटवर ‘आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी’ २२ हजारांत दिसतोय. दिवेपण आहेत. गोदाकाठ यांना ९४ हजारांचा कशाला हवा?

पेचकस

मावशी, आय७ नंतरचा आकडा वाचून सांगा. छोट्या अक्षरात असेल खाली.

मिनी_मावशी

आय७-२६००. आणि ग्राफिक्स जीटी ७३०.

पेचकस

तो प्रोसेसर २०११ सालचा. जीटी ७३० आली २०१४ मध्ये, आणि तेव्हाही ती स्क्रीनवर चित्र दिसावं एवढ्यापुरतीच होती. ऑफिसांतून निघालेले जुने प्रोसेसर, त्यावर नवा स्वस्त चिनी बोर्ड, नवं चकचकीत कॅबिनेट, झाला गेमिंग पीसी. विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल लागतात, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षेच्या सोयी लागतात. त्या बोर्डावर दोन्हीची आशा नको. यूट्यूब आणि हिशोबाला हवा असेल तर तेवढ्यात जुना ब्रँडेड ऑफिस पीसी जास्त टिकेल.

मिनी_मावशी

बरं झालं विचारलं. दिवे दिवाळीत लावीन.

नुसताच_वाचक

रॅमचे भाव काय झालेत पाहिलंत का? थांबलं तर उतरतील का?

कंडेन्सर

या घडीला तयार पीसीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि अजून कोणी बोललं नव्हतं. जगात रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महाग मेमरी बनवण्याकडे तिघींचा ओढा. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा व्यवसायच बंद करतोय. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ चे भाव दुप्पट-तिप्पट झाले. एसएसडीही मागोमाग चढली.

अशा वेळी ज्या दुकानांनी रॅम आधी भरून ठेवली आहे त्यांचा अख्खा पीसी कधी कधी सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो. २०२१ ला ग्राफिक्स कार्डांचं हेच झालं होतं. कार्ड सुटं मिळेना, तयार पीसीत मात्र मिळे. त्यामुळे ‘सुटं ते स्वस्त’ हा नियम सध्या तरी डोळे झाकून धरू नका. गोदाकाठ, तुम्ही त्याच पार्टांची सुटी बेरीज करून बघा.

थांबायचं का? गेम खेळायला हवा असेल तर थांबा. कॉलेजच्या कामाला हवा असेल तर घ्या. नव्या चिप फॅक्टऱ्या उभ्या राहायला वर्षं लागतात.

ग्रँटरोडकर

हे मान्य. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडला रॅमचा भाव विचारला तर दुकानदार म्हणाला, “आत्ता घेताय तर सांगतो, चहा पिऊन येणार असाल तर आल्यावर विचारा.” पण कच्च्या बिलावर स्वस्त देतो म्हणणारा भेटेलच, त्याच्याकडे जाऊ नका. १८ टक्के वाचतात आणि वॉरंटी जाते.

रंगपेटी

मी ब्लेंडरवरच पोट भरते म्हणून लिहिते. इथे सगळे गेमच्या अंगाने बोलताय. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये काम करायचं तर एनव्हिडियाचं ऑप्टिक्स, म्हणजे कार्डावर रेंडर करायचं त्यांचं तंत्र, अजून तरी पुढे आहे. त्यामुळे १६ जीबीचं एएमडीचं ९०६० एक्सटी कार्ड कोणी सुचवलं, तर गेमसाठी छान, या मुलीसाठी दुसरा नंबर.

पण ८ जीबीची अडचण खरी आहे. एक ४के टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं चित्र, कार्डाच्या मेमरीत साधारण ६४ एमबी घेतं. एका मटेरियलला अशी चार-पाच लागतात. असे वीस-बावीस मटेरियल, वर केसांचा डोंगर, की सीन मावत नाही आणि रेंडर रखडतो किंवा ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून थांबतो. ५०६० टीआय १६ जीबीची मिळते, ती परवडली तर तीच. नाही परवडली तर मागच्या वस्तूंची टेक्स्चर २के करायची सवय लावा, जागा चौथाई होते. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टना ८ जीबीत भागतं, शेवटच्या वर्षाच्या शॉर्टफिल्मला कुरकुर होईल.

रॅम मात्र १६ कमी आहे. ब्लेंडर, फोटोशॉप आणि ब्राउझर एकत्र उघडे असतात आमचे.

पेचकस

रंगपेटी, बरोबर. पण लाखात ३२ जीबी आणि टीआय दोन्ही बसत नाहीत आजच्या भावात. काहीतरी एक. मी म्हणेन, सध्या ५०६० आणि रॅम अशी घ्या की नंतर फेकावी लागणार नाही. ए६२० च्या बहुतेक बोर्डांवर रॅमच्या जागा दोनच. ८-८ च्या दोन पट्ट्या घेतल्या तर ३२ करताना दोन्ही काढाव्या लागतील.

कंडेन्सर

मग काय, १६ ची एकच पट्टी? वर तूच म्हणालास रस्ता निम्मा होतो.

पेचकस

म्हणालो होतो. भाव साधे असते तर १६-१६ च्या दोन लिहिल्या असत्या. आत्ता एक घेऊन वर्षभर व्हॅलोरंटमध्ये थोडे फ्रेम कमी चालतील. तो गेम तसाही हलका आहे, या कार्डावर १०० च्या खाली येणार नाही.

कंडेन्सर

मला पटत नाही. वर्षाने तीच कंपनी, तोच वेग, तीच बॅच मिळेल याची खात्री कोण देणार? डीडीआर५ च्या वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र नांदत नाहीत कधी कधी. असो, हे माझं वैयक्तिक मत. ताईंच्या पैशावर आपण भांडतोय.

गोदाकाठ

भांडा हो, मला फायदाच होतोय. दुकानाला मेल केला होता, उत्तर आलं. एसएसडी, रॅम, कार्ड, बोर्ड यांची पूर्ण नावं लगेच दिली. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, ६००० वेगाच्या. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर नाशिकात आहे, मी फोन करून खात्री केली. कॅबिनेट जाळीचं देतो म्हणाले, त्याच किमतीत.

एसएमपीएसबद्दल मात्र “मॅडम, चांगलाच असतो, उपलब्धतेनुसार देतो.” मी म्हटलं, उपलब्ध काय आहे ते सांगा. तर फोनवर दुसऱ्याच माणसाला दिलं.

आणि बेरीज केली. त्याच नावांचे सुटे पार्ट आज तीन वेगवेगळ्या साइटवरून स्वस्तात स्वस्त घेतले तरी त्यांच्यापेक्षा सुमारे अडीच हजार जास्त होतात. फरक जवळपास सगळा रॅममध्येच आहे. कंडेन्सर, तुमचं म्हणणं खरं निघालं.

पेचकस

मग प्रश्न सुटलाच. तयारच घ्या, फक्त एसएमपीएस तुम्ही नाव देऊन मागा. फरकाचे पैसे देते म्हणा. विंडोजचं काय म्हणाले? ‘इन्स्टॉल करून’ म्हणजे लायसन्स की नुसतं टाकून?

गोदाकाठ

लायसन्स नाही म्हणाले. “चालतं मॅडम, सगळे असंच घेतात.”

पेचकस

मग त्यांना विंडोज टाकूच नका म्हणून सांगा. ते ‘चालतं’ करायला जो अ‍ॅक्टिव्हेटर टाकतात त्यासोबत काय येतं देव जाणे, आणि त्याच पीसीवर तुमचं नेटबँकिंग. कोरं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेऊन लेक स्वतः टाकेल. लायसन्सची की नसेल तोवर कोपऱ्यात वॉटरमार्क दिसेल, वॉलपेपर बदलता येणार नाही. काम अडत नाही.

तापलेला_अकोलेकर

यूपीएस विसरू नका! आणि अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला आणि मुंग्या आल्या तर बहुधा पीसीत दोष नसतो, भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नसतं. वायरमनला बोलवा, आधी. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅटच, मॉनिटरसकट रेंडरच्या वेळी तो काठावर येईल. १ केव्हीए घ्या.

गोदाकाठ

अर्थिंगचं लक्षात आलं नव्हतं. जुन्या वाड्यातली वायरिंग आहे, उद्याच बोलावते.

एसएमपीएसचं ठरलं. कंडेन्सर यांनी व्यक्तिगत निरोपातून दिलेल्या तीन नावांपैकी एक त्यांच्याकडे निघाला, ५ वर्षं वॉरंटीचा. टॉवर कूलर आणि तो धरून ९८,२००. लेकीच्या रॅमचा वाद तिनेच मिटवला: “८-८ राहू दे, पुढे ३२ घेईन तेव्हा या विकेन.” ऑर्डर दिली.

ग्रँटरोडकर

विकेल तेव्हा मला सांगा. हरलो म्हणून नव्हे, भाव बघून.

पेचकस

खोका आला की फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू करा, मध्ये थांबवू नका. कार्डाला प्रवासात आधार म्हणून आत फोमची फुगलेली पिशवी घातलेली असते. ती काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पार्टांचे रिकामे खोके आणि उरलेल्या वायरी सोबत पाठवायला सांगा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावू नका, खाली आडव्या असलेल्या कार्डाला लावा. ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असल्याने बोर्डालाही चित्र येतं, आणि लोक आठवडाभर त्यावरच गेम खेळून कंपनीला शिव्या देतात.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीचे ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्याला मोजके तास असतील. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव बघा, बनावट असेल तर तो तसं लिहून दाखवतो. सीरियल नंबर बिलाशी ताडून बघा.

गोदाकाठ

आला! खोका ठीक, आत फोम होता, काढला. सीरियल नंबर सगळे जुळले. एसएसडी ३ तास. एसएमपीएस तोच आहे, पत्र्याखाली टॉर्च मारून पाहिला. लेकीने विंडोज टाकलं. एक शंका, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग ४८०० दिसतोय. आपण ६००० ची घेतली ना? फसवलं का?

कंडेन्सर

नाही. ६००० हा वेग आपोआप लागत नाही. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा, एक्स्पो नावाचं असेल ते सुरू करा, सेव्ह करून बाहेर या. खरं तर हे दुकानाने करून द्यायला हवं होतं, तपासून पाठवतो म्हणाले होते ना.

गोदाकाठ

केलं. स्क्रीन काळी झालीय!! फॅन फिरतायत, काहीच दिसत नाही. बंद करू का?

कंडेन्सर

बंद करू नका. एएम५ वर बदल केला की बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो. काही मिनिटंही लागतात. हात लावू नका.

गोदाकाठ

आली. ६००० दिसतंय. लेक म्हणते आता मी उठू शकते खुर्चीवरून.